ओळखीची चाल

भंडाऱ्याहून तुमसरकडे जातांना मोहाडी हें गांव लागतें. अशा गांवीं भजन रंगलें म्हणजे बुवा धृपदाची चाल नाना तऱ्हांनीं आळवितात. परंतु टाळकऱ्यांना धृपद उचलतां येईल अशा बेतानें समेवर परत येतात. तें परतणें चुकलें, तर बुवांचें गाणें राहतें, भजन मात्र मोडतें.

हाच प्रश्न १७०६ सालीं जर्मनींतील आर्नस्टाट येथें वीस वर्षांच्या एका ऑर्गनवादकापुढें उभा राहिला. त्याचें नांव योहान सेबास्टियन बाख. मार्टिन ल्यूथर यानें सोळाव्या शतकांत उपासनेंतील गायन लोकांच्या भाषेंत व लोकांच्या मुखीं आणिलें होतें. त्या स्तोत्रांच्या चाली सर्वांना पाठ असत. बाख साथ करतांना त्यांत अपरिचित सूर मिसळतो, त्यामुळें मंडळी गोंधळून जाते, असा ठपका चर्चच्या अधिकाऱ्यांनीं त्याच्यावर ठेविला. वादन लांबतें असें बजावतांच तो अगदींच थोडकें वाजवूं लागला, हीहि तक्रार होतीच!

पुढें वायमार येथें १७०८ ते १७१७ या काळांत असतां त्यानें 'ऑर्गनची लहान वही' लिहावयास घेतली. नवशिक्या वादकानें स्तोत्राची चाल कशी फुलवावी, हें तींत दाखवावयाचें होतें. १६४ स्तोत्रें योजिलीं होतीं. ४६ रचना पूर्ण झाल्या. बहुतेक रचनांत मूळ चाल वरच्या सुरांत अखंड चालते; तिच्याखालीं इतर स्वरावली गुंफिलेल्या असून मंद्र सूर पायांनीं वाजवावयाचे असतात. आदामाच्या पतनाच्या स्तोत्रांत हे मंद्र सूर पुनःपुन्हां मोठी झेप घेऊन खालीं कोसळतात. शब्दांवांचून पतन कळतें, आणि ओळखीची चाल वर तशीच ऐकूं येते.

महाराष्ट्रांत याच प्रश्नाची दुसरी बाजू नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ओळखली. ख्रिस्ती उपासनेंत मराठी शब्द पाश्चात्य चालींवर बसविले जात. शब्द आपले, पण चाल परकी. टिळकांनीं अभंग-ओवीच्या वळणाचीं भजनें रचिलीं आणि तीं घरोघर रुजलीं.

लोकांच्या कंठांत वसलेली चाल ही रचनाकाराकडे ठेव म्हणून येते. त्यानें व्याज हवें तितकें वाढवावें. मुद्दलास मात्र हात लावूं नये.