खडीच्या वाटेची तयारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



येत्या सप्टेंबरात आम्ही चौघे सिमल्याहून स्पितीमार्गे मनालीपर्यंत सायकलीने जाणार आहोत. मागे मोटार नाही की हमाल नाही; तंबू, शिधा, हत्यारे, सारे सायकलीवरच. गेल्या वर्षीही आम्ही निघालो होतो आणि अर्ध्यातून परतलो, हे आपण जाणता. "हवा बिघडली," असे आम्ही तेव्हा सर्वांना सांगितले. ते खरे नव्हते. तयारीविषयी बोलावयाचे तर आधी त्याची कबुली देणे प्राप्त आहे.

त्या वेळी आम्ही मनालीहून प्रारंभ केला. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर, तर रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर. पहिला मुक्काम मढीला, दुसरा छत्रूला आणि तिसरा बातलला, म्हणजे जवळजवळ चार हजार मीटरांवर! या वेगाचा आम्हांस कोण अभिमान वाटत होता. आमच्यातील वडीलधाऱ्या सोबत्याचे डोके मढीपासूनच दुखत होते. छत्रूला त्यांनी पोळी अर्धी टाकली, तेव्हा "वय झाले आता!" म्हणून आम्ही त्यांची थट्टा केली. ते हसले आणि गप्प राहिले. बातलला रात्रभर उलट्या झाल्या. पहाटे तंबूबाहेर येताना त्यांचा तोल जाऊ लागला. विरळ हवेने मेंदूवर सूज येऊ लागल्याची ती खूण असू शकते आणि तिच्यावर पहिला उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. स्पितीतील मटारांची पोती घेऊन एक ट्रक चालला होता, त्याने त्यांना घेतले. २०२० साली अटल बोगदा खुला झाला नसता, तर खाली नेण्यासाठी त्यांना आधी पुन्हा रोहतांग चढवावा लागला असता. ते बरे झाले. आमची थट्टा मात्र आम्हांस अजून आठवते.

म्हणून या वर्षीची तयारी सायकलीपासून नव्हे, नकाशापासून सुरू झाली. सिमल्याकडील वाट दुपटीहून लांब, पण शरीराला वेळ देणारी. रामपूरला ती सतलजकाठी हजार मीटरपर्यंत उतरते आणि मग हळूहळू चढते. तीन हजार मीटरांपुढे झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवावयाची नाही, हा जाणत्यांचा नियम. त्यामुळे पूहनंतर नाकोचा चढ चढून तेथे न निजता पलीकडे उतरावयाचे. ताबो, मग काझा येथे दोन रात्री, लोसर, आणि अखेर सुमारे ४,५५० मीटरांचा कुंझुम. तोवर अंग उंचीला सरावलेले असावे, ही अपेक्षा. हमी नव्हे. उड्डाणपुलावर पहाटे पंचवीस खेपा मारून (आपल्या या सपाट शहरात दुसरा घाट कोठला आणावा?) मांड्या बळकट होतात; विरळ हवेपुढे त्या बळाचा उपयोग नाही. धडधाकट तरुणही तेथे आजारी पडतो.

कुंझुमपलीकडे बातल ते ग्रांफू ही वाट म्हणजे खडी, दगडगोटे आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले. दुपारी ऊन चढले की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी फुगते. तेव्हा ते सकाळीच ओलांडावयाचे. सायकली रुंद टायरच्या आणि अगदी हलक्या गिअरच्या घेतल्या आहेत. मागे कॅरिअर नाही, कारण खडीच्या हादऱ्यांनी त्याचे स्क्रू सैल होतात; पिशव्या सांगाड्यालाच पट्ट्यांनी आवळल्या आहेत. जादा तारा, साखळीचे दुवे, ब्रेकचे पॅड, मागील गिअर ज्यावर टांगतो तो छोटा तुकडा, हे सारे बरोबर. तो तुकडा दोन तोळ्यांचाही नसेल, पण तो मोडला की सायकल ढकलीत न्यावी लागते.

शिध्याचा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनी सोडविला. चार हजार मीटरांवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते; डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. तेव्हा आधीच भाजलेले हवे. मेतकूट, सातूचे पीठ, दाण्याची चटणी, गूळ. आमच्या आज्यांनी हिमालय पाहिला नव्हता, पण त्यांच्या डब्यांनी आमचे इंधन वाचणार आहे.

ते सोबती यंदाही येत आहेत. डॉक्टरांनी तपासून संमती दिली. वहिनींनी मात्र अट घातली. रोज संध्याकाळी चौघांनी एका वहीत लिहावयाचे: डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का. एकाचेही उत्तर वाईट आले तर त्या रात्रीपुढे चढ नाही. उतरले पाहिजे तर चौघांनीही उतरावयाचे आणि कोणी कोणाची थट्टा करावयाची नाही. शेवटचे कलम वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर स्वहस्ते लिहून दिले आहे. खाली आम्ही चौघांनी सह्या केल्या. पहिली सही आमच्या त्या सोबत्याची.

शिधा काल स्वयंपाकघरातील काट्यावर तोलला. प्रत्येकी दीड किलो जास्त भरला. काय काढावे यावर अजून एकमत नाही. मेतकूट काढावयास कोणी तयार नाही.