तप्त नळांचे आधार



कारखाना पाहावयास गेलेल्या माणसाचे लक्ष बाष्पित्राकडे जाते, टर्बाइनकडे जाते. परंतु नळ ज्यांवर टेकलेले किंवा टांगलेले असतात त्या आधारांकडे सहसा कोणी पाहत नाही. या उपेक्षेची किंमत कधी कधी फार मोठी पडते. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी स्फोट झाला आणि २८ माणसे मृत्युमुखी पडली. नादुरुस्त पात्र काढून तेथे २० इंच व्यासाचा तात्पुरता नळ बसविला होता. त्याखाली परांचीचे खांब उभे केले होते. नळाचे वजन त्यांवर टेकले होते. पण आतील तप्त द्रवाच्या दाबाने नळ वळू लागला, तर त्याला रोखणारे तेथे काही नव्हते.

आधाराचे काम केवळ ओझे पेलण्याचे नाही, हे यावरून ध्यानी येईल. तप्त नळ तर कधीच स्वस्थ नसतो. आपल्याकडील २१० मेगावॉटच्या अनेक वीजसंचांत टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची असते. थंड स्थितीत ३० मीटर लांबीचा पोलादी नळ एवढा तापला म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, जवळजवळ वीतभर, वाढतो. आधाराने ओझे पेलावयाचे, पण ही वाढ अडवावयाची नाही. म्हणून अशा नळांना स्प्रिंगच्या टांगण्या लावतात.

आता असे आधार कोणत्या पदार्थाचे असावेत? माझ्या मते त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा भाग प्रत्यक्षात किती तापणार? एकाच आधाराचे सर्व भाग सारखे तापत नाहीत. नळाला कवटाळणारा पट्टा उष्णतारोधक थराच्या आत असतो. तो नळाइतकाच तापेल, असे धरून चालावे. थराबाहेरची सळई हवेने निवते. तिला साधे पोलाद पुरते. मात्र उष्णता वाचविण्याच्या सद्हेतूने पुढे कोणी त्या सळईवर आणि बोल्टांवरही थर चढविला, तर मूळचा सारा हिशेब चुकतो.

दुसरा प्रश्न : किती काळ तापणार? साधे कार्बन पोलाद सुमारे ४२५ अंशांपलीकडे दीर्घकाळ वापरू नये. त्यातील कार्बाइडाचे हळूहळू ग्रॅफाइट बनू लागते. शिवाय भाराखाली तप्त धातू अतिमंद गतीने ताणला जातो. अभियंते याला ‘क्रीप’ म्हणतात. पहिल्या दिवशी घट्ट बसलेला पट्टा काही वर्षांनी सैल आढळतो, तो यामुळेच. म्हणून ५४० अंशांच्या नळाच्या पट्ट्याला क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद घेतात.

तिसरा प्रश्न : तो कशाला टेकणार? स्टेनलेस पोलाद तापल्यावर क्रोम-मॉलिब्डेनम पोलादापेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते. तेव्हा अशा नळाला स्टेनलेसचा कान वितळजोडाने जोडला, तर प्रत्येक चढउताराबरोबर जोडावर ताण येतो. कान शक्यतो नळाच्याच जातीचा असावा. सरकत्या आधाराखालील टेफ्लॉनवर सुमारे २५० अंशांपुढे विसंबू नये. तो नळापासून दूर, थंड बाजूस ठेवावा. जस्ताविषयी तर विशेष सावध राहावे. ते सुमारे ४२० अंशांना वितळते आणि ताणाखालील स्टेनलेस पोलादाच्या कणांमध्ये शिरून त्यास तडे पाडते. फ्लिक्सबरोच्या चौकशीतही हा विषय निघाला होता. गंजापासून बचाव म्हणून लावलेला जस्तलेपित पट्टा तप्त स्टेनलेस नळाचा शत्रू ठरू शकतो.

या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर राहिली, तर मात्र उपयोग नाही. स्प्रिंगच्या पट्टीवर थंड आणि तप्त अशा दोन्ही स्थितींच्या खुणा असतात. संच चालू असताना आणि बंद असताना त्या पाहाव्यात. काटा खुणेवर नसेल, तर नळ आपले ओझे दुसऱ्या आधारावर, किंवा यंत्राच्या तोंडावर, टाकीत आहे असे समजावे. आधार बोलत नाहीत. त्यांची तक्रार या खुणांतूनच वाचावी लागते. ती वाचण्याचे काम कोणाचे, हे प्रत्येक कारखान्यात नेमून दिलेले असावे, एवढीच माझी विनंती आहे.