तापलेल्या खोलीतील योगासने



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनसवर किंवा संपावर बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मात्र चालकांनी आम्हांस विषय दिला आहे तो तापलेल्या खोलीतील योगासनांचा, म्हणजे तरुण मंडळी ज्याला ‘हॉट योगा’ म्हणतात त्याचा. आमचीच निवड का, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “धगीत काम केलेला माणूस हवा होता.” हे उत्तर आम्हांस पटले. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण दिवसा साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये आणि रात्री वाचनालयाच्या दिव्याखाली झाले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर ही नावे घेतली की बारामती-इंदापूरकडे धग सोसलेला माणूस घरोघर सापडतो. म्हणून हा विषय दिसतो तितका परका नाही.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. कलकत्त्यास विष्णुचरण घोष यांनी १९२३ साली व्यायामाचे विद्यालय काढले. त्यांचे शिष्य म्हणविणारे विक्रम चौधरी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत गेले आणि त्यांनी तेथे एक ठरीव क्रम रूढ केला : २६ आसने, २ श्वसनाचे प्रकार, वेळ ९० मिनिटे, खोलीचे तापमान ४० अंशांच्या किंचित वर आणि हवेत ४० टक्के आर्द्रता. आरंभ उभ्याने करावयाच्या दीर्घ श्वसनाने, मध्ये अर्धचंद्रासन, गरुडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन इत्यादी, आणि शेवट वज्रासनातील कपालभातीने. यांतील बहुतेक नावे आपल्या ओळखीची आहेत. या क्रमावर आपला मालकी हक्क आहे, असा दावा चौधरींनी केला होता. तो २०१५ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने फेटाळला. आसने कोणा एकाची जहागीर होऊ शकत नाहीत, हा निकाल आम्हांस आवडला.

आता आपल्याकडे पाहा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाची प्रयोगशाळेत परीक्षा सुरू केली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले आणि तेथेच त्यांनी आयुष्यभर शिकविले. खोली तापविणे हा या दोघांच्याही शिकवणुकीचा भाग नव्हता. मग धगीने नेमके काय साधते?

याचे उत्तर आपल्या घरातल्या माठापाशी आहे. माठाला पाणी पाझरते, ते वाऱ्याने उडते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. आपले शरीर हा असाच माठ आहे. घाम अंगावरून उडाला तर शरीर निवते. नुसता गळून जमिनीवर पडला तर निवत नाही. हवा दमट आणि खोली बंद असेल, तर घाम धारांनी वाहतो पण काम फारसे करीत नाही. म्हणून ‘किती घाम गाळला’ ही व्यायामाची मोजणी नव्हे. वर्गानंतर वजन किलोभर उतरलेले दिसते, ते पाणी असते, चरबी नव्हे. तांब्याभर पाणी प्यालात की ते परत येते.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सुखाची नाही. तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात गळीत हंगामात एक पोरगा नव्याने कामावर आला. दुसऱ्याच दिवशी त्याला पॅनजवळ पुरी पाळी दिली गेली. दुपारी तो म्हणाला, “दादा, गरगरतंय.” त्याला उत्तर मिळाले, “दम धर, सवय होईल.” घटकाभराने तो असंबद्ध बोलू लागला आणि कोसळला. रुग्णालयात तो वाचला, पण पुन्हा धगीच्या कामावर उभा राहू शकला नाही. श्रोतेहो, ‘दम धर’ हे शब्द मुकादमाचे नव्हते, साहेबाचेही नव्हते. ते आमचे होते. आम्हांस वाटले होते, आपण त्याला धीर देत आहोत.

त्यानंतर आम्ही या विषयावरची पुस्तके हुडकून वाचली. सवय होते हे खरे. पण ती साधारण ७ ते १४ दिवसांत, पायरीपायरीने होते. रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते. म्हणूनच तज्ज्ञ सांगतात की नव्या कामगाराला पहिल्या दिवशी धगीतले काम फक्त पाचवा हिस्सा द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. आपल्या माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उष्णतेचा आणि पाणीटंचाईचा ताण पिके कशी सोसतात, याचा तेथे अभ्यास चालतो. रोपसुद्धा एका दिवसात काटक होत नाही, मग माणूस कसा होईल?

नवशिक्याने काय करावे? पहिले दोन आठवडे सकाळच्या गारव्यात, घरी किंवा शिक्षकाजवळ, साध्या खोलीत आसने नीट शिकावीत. त्यानंतर तापलेल्या खोलीत जावे, पण पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटेच, आणि जागा दाराजवळची घ्यावी. पोट दोन-तीन तास रिकामे असावे. पाणी मात्र आधी, मध्ये आणि नंतर प्यावे. घाम फार गेला असेल तर मीठ घातलेले लिंबाचे सरबत उत्तम. धगीने अंग सैल पडते, त्या भरात सांधा मर्यादेपलीकडे ताणू नये. तापलेले लोखंड लवकर वाकते. पीळ कुठे बसला ते निवल्यावर कळते. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे व रक्तदाबाचे रोगी, लघवी वाढविणारी औषधे घेणारे, अंगात ताप असलेले, पूर्वी उष्माघात झालेले, यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये. आणि चैत्र-वैशाखात पत्र्याची खोली बंद करून घरच्या घरी हा प्रयोग तर कोणीच करू नये.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांत गोळे, यांपैकी काही जाणवले की तत्क्षणी बाहेर यावे. कोणी बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

कोणी विचारील, एवढा सोस करून पदरात काय? २०१८ साली टेक्सासमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० ते ६० वयाच्या माणसांनी आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे हीच आसने केली; काहींनी तापलेल्या खोलीत, काहींनी साध्या. रक्तवाहिन्यांचे आरोग्य दोन्हीकडे सारखेच सुधारले. म्हणजे मुख्य गुण आसनांचा होता, धगीचा नव्हे. ज्यांना ऊब आवडते त्यांनी ती जरूर घ्यावी. न घेणाऱ्याने आपले फार काही बुडाले असे मानू नये. दिवसभर भट्टीपुढे किंवा उसाच्या फडात राबून आलेल्याने तर गार ओसरीवरच आसने करावीत. त्याच्या वाट्याची धग त्याला मिळालेली आहे.

काही वर्गांत ‘काही झाले तरी खोली सोडू नका’ असे बजावतात. तेथे आमचे मत स्पष्ट आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागी खेळती हवा, सोसवेल असे तापमान आणि पिण्याचे पाणी यांची तरतूद केली, ती कामगार दुबळा होता म्हणून नव्हे. शरीराला मर्यादा असते म्हणून. ती मर्यादा पैसे भरून आसने शिकणाऱ्यालाही असते. ती कुठे आली हे आधी त्याचे त्यालाच कळते. शिक्षकाला नंतर, आणि कधी कधी फार उशिरा.

म्हणून आपण शिकणारे असा वा शिकविणारे, शेजारचा माणूस ‘गरगरतंय’ म्हणाला तर त्याला दम धरायला सांगू नका. दार उघडा.