चुलीच्या राखेतील इतिहास



इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, त्यांचा इतिहास कसा कळावयाचा? त्याचे एक साधन आपल्याच हातचे आहे : चुलीची राख आणि उकिरडा.

प्रत्येक झाडाला व जनावराला आपला मुलूख असतो. कोण कोठले, हे सांगणारे शास्त्र म्हणजे जीवभूगोल. मिरचीचेच पाहा. ती मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात इकडे आली. म्हणून जुन्या पांढरीत मिरचीचे बी मिळाले, आणि ते उंदराने खाली नेलेले नसेल, तर तो थर पाचशे वर्षांहून जुना नव्हे.

पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांहून जुने जळके जव सापडले. रानटी जव पश्चिम आशियाकडचा. म्हणजे बियाणे हातोहात आले. पुढे त्या वस्तीत चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीच्या जनावरांची हाडे वाढली. पाऊसमान घटले असावे, असे अनुमान डॉ. ढवळीकरांनी काढले.

आपल्या नागपूरजवळ माहुरझरीस १९७० ते ७२ मध्ये डॉ. शां. भा. देव यांनी शिळावर्तुळे खणली. माणसांबरोबर घोड्यांची हाडे व तांब्याचा साज निघाला. विदर्भात रानघोडा नाही. तेव्हा त्या लोकांचे दूरच्या मुलखाशी येणेजाणे होते.

धानाची गोष्ट निराळी. आपल्या तळ्यांत देवधान आपोआप उगवते. मग जुना दाणा पेरलेला की वेचलेला? रानचा दाणा पिकताच गळतो, त्याचा तळ गुळगुळीत राहतो. शेतातला झोडावा लागतो, म्हणून तो खडबडीत तुटतो. तुसावरून हे ओळखतात.

मात्र दाणा आला म्हणजे माणसांचा लोंढाच आला, असे नव्हे. बाजारातून, सोयरिकीतून, लेकीच्या ओटीतूनही बियाणे फिरते. म्हणून ‘आम्ही मूळचे, तुम्ही उपरे’ असे म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने आपले ताट पाहावे.

भगिनींनो, घराचा पाया किंवा विहीर खणताना राखेचा थर, खापरे, हाडे लागली, तर ती उपसून फेकू देऊ नका. काम थांबवून तहसील कचेरीस कळवा. थर एकदा विस्कटला की त्याची साक्ष कायमची जाते. आणि त्या साक्षीत आपल्यासारख्याच रांधणाऱ्या बायकांचे हात आहेत.