भाकरीची दुसरी बाजू

परवा तोरणमाळचा घाट चढून गेलो आणि तलावाजवळच्या एका पावरा आदिवासी घरी जेवलो. आजीबाईंनी मक्याची भाकरी तव्यावर टाकली. मी घाई करतोय असं पाहून म्हणाल्या, "थांब रे, एकच अंग भाजलेली खाल्लीस तर पोट दुखेल." आजचं माझं बोलणं एवढंच आहे.

आपण ख्रिस्ती माणसं पश्चात्तापाची एक बाजू खरपूस भाजतो. उपासनेत डोळे भरून येतात. दुसरी बाजू, म्हणजे वागणं, ती कच्ची राहते.

जॉन न्यूटनचं ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत आपण सगळे गातो. १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात त्याला देव आठवला, पण गुलामांची जहाजं त्यानं पुढं १७५४ पर्यंत चालवली. त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका काढली ती १७८८ मध्ये. भाकरी पालटायला ४० वर्षं लागली! पण पालटली, आणि स्वतःचा दोष छापून पालटली.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या आपल्या लक्ष्मीबाई टिळक बघा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्या सोवळ्याओवळ्याशी झगडल्या आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. आधी ताट बदललं, मग बाप्तिस्मा. आपण बाप्तिस्मा घेतो आणि ताट तेच ठेवतो.

रागावू नका, मी स्वतःबद्दलच सांगतो. घाटाखाली एका मेळाव्यात शहरातल्या पाहुण्यांना खुर्च्या होत्या, काचेचे पेले होते. पावरा बांधव खाली मातीत बसले होते. रात्री प्रार्थनेत मी त्याबद्दल रडलो. सकाळी पुन्हा त्याच खुर्चीत बसलो. एकच अंग भाजलेलं, दुसरं काय?

२०१६ मध्ये भारतातल्या कॅथॉलिक बिशपांनी चर्चमध्ये जातिभेद आहे, असं धोरणातच लिहून कबूल केलं. कबुली मोलाची आहे, पण तीही एकच बाजू. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय नुसता रडत बसला नाही. ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत देईन, असं तो प्रभूसमोर म्हणाला. परत देणं, ही दुसरी बाजू. पुन्हा सांगतो, परत देणं. खुर्ची परत द्या, मंडळीच्या कमिटीतली जागा द्या, पावरी बोलीतल्या प्रार्थनेला वेळ द्या. आणि सोयरीक जमवताना आपण जी जात हळूच विचारतो, तिच्याबद्दल तर...

वेळ संपल्याची खूण झाली. ते राहिलं. पुढच्या मेळाव्यात मी मातीत बसणार आहे. तुम्हीही या, शेजारी बसू.