स्वतःसाठी चार पावले

(परभणी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'मध्यमवयीन स्त्रीचे आरोग्य' या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचवले आहे. या विषयावर बोलायचे म्हणजे रक्तदाब, साखर, गुडघे अशी यादी सांगायची आणि शेवटी 'रोज चालत जा' असा सल्ला द्यायचा, अशी एक पद्धत पडून गेली आहे. मागे सोनपेठ तालुक्यातल्या एका शिबिरात हाच सल्ला ऐकून एक मावशी म्हणाल्या, "अजून किती चालू, बाई? रानात जाऊन-येऊन दोन कोस होतात. येताना डोक्यावर गाठोडं असतं ते वेगळंच." सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दिवसभर चालणाऱ्या बाईला आपण आणखी चालायला का सांगतो?

उत्तर असे की, कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायामात वेग आपला असतो, थांबणे आपले असते. शरीराला थोडा ताण द्यायचा, मग विश्रांती आणि पोटभर अन्न द्यायचे, म्हणजे स्नायू बळकट होतात. कापूस वेचताना यातले काहीच आपल्या हाती नसते. कंबर एकाच बाजूला वाकलेली, वजन मजुरीवर ठरलेले, आणि घरी आल्यावर सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरेल ते ताटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा शरीराकडून कष्ट करून घेतले की ते झिजते, घडत नाही. दुसरीकडे, शहरात खुर्चीवर बसून नोकरी करणारी आणि घरी ओट्यापुढे उभी राहणारी बाई वेगळ्या रीतीने झिजते. दोघींकडे एकच गोष्ट नसते : स्वतःचा वेळ.

मी आता अडतीस वर्षांची आहे. समाजकार्याचे शिक्षण घेत असताना सुट्टी मिळाली की आम्ही मुली डोंगर चढायला जात असू. पुढे नोकरी, लग्न, दोन बाळंतपणे, जीपमधून दौरे, बैठका, अहवाल. आठ वर्षे डोंगराला पाय लागला नाही. तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त जिंतूरला गेले असताना नेमगिरीची टेकडी चढले. टेकडी तशी लहानच, पण तीनदा बसावे लागले. तपासणीत हिमोग्लोबिन ९.६ निघाले, आपल्या वयाच्या बाईला ते निदान १२ हवे. घरी सांगितले तर सगळ्यांचे एकच म्हणणे, "वय झालं आता." पस्तिशीत! माझे पती माझ्याच वयाचे. ते रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतात. त्यांचे वय झाले असे कोणी म्हणत नाही.

मग आम्ही गटातल्या नऊजणींनी एकत्र सुरुवात केली. सर्वात लहान तेहतीस वर्षांची, सर्वात मोठी चोपन्न. आधी प्रत्येकीने रक्त आणि रक्तदाब तपासून घेतला. उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि त्या चहाबरोबर न घेता लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेऊ लागलो. पहिला महिना आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटे चालणे. वेग किती? चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांवर आलो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी किमान एवढेच सांगितले आहे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम हवेत. पाळी गेल्यावर हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात, म्हणून आपल्याला तर ते हवेतच. त्यासाठी पैसे लागत नाहीत. हात न टेकता स्टुलावरून दहा वेळा उठायचे-बसायचे. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या.

परभणी सपाट, इथे चढ कुठून आणायचा? शहरातल्या जणींनी कचेरीचे जिने धरले. गावाकडच्या दोघींनी जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा भराव चढायला-उतरायला सुरुवात केली. उतरण्याचा सराव मुद्दाम केला, कारण गुडघ्यांवर जास्त भार उतरतानाच येतो.

शरीर सहा महिन्यांत वळणावर आले. घर आणि गल्ली वळणावर यायला जास्त वेळ लागला. पहाटे बाहेर पडायचे तर सकाळचा चहा कोण करणार? डबे कोण भरणार? बुटांवर साडी पाहून लोक हसणार. अंधारात कुत्री आणि त्यांच्यापेक्षा वाईट नजरा. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन बसतात. डोंगरात जाण्याचा चांगला काळ दसऱ्यानंतरचा, आणि नेमका तेव्हाच सोयाबीन काढणीला येतो, मग कापूस, मग तूर. म्हणजे हवा चांगली असते तेव्हा बाई शेतात असते, आणि शेत मोकळे होते तेव्हा ऊन चाळिशीपार गेलेले असते. 'बायकांना व्यायामाचा आळस' असे म्हणणाऱ्यांनी हे कॅलेंडर एकदा पाहावे.

आणखी एक पाहा. आषाढीला आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरकडे दिंड्या जातात. त्यांत साठीच्या बायका पंधरा-पंधरा दिवस चालतात. त्यांना कोणी अडवत नाही, उलट पाया पडतात. म्हणजे बाईच्या पायांत बळ नाही असे समाजही मानत नाही. देवासाठी चालली तर पुण्य, घरासाठी चालली तर कर्तव्य, स्वतःसाठी चालली की मात्र "ही कुठे निघाली?"

हा प्रश्न अनेकींनी मागे टाकला आहे. जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल दोन मुलींच्या आई. पस्तिशी ओलांडल्यावर त्यांची डोंगराशी ओळख झाली, आणि २०११ मध्ये त्या एव्हरेस्टवर पोचल्या. १९८४ मध्ये एव्हरेस्ट चढलेल्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल यांनी २०२२ मध्ये पन्नाशीपुढच्या बायकांची तुकडी घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत सुमारे पाच महिने हिमालय पायी तुडवला. त्या तुकडीत नागपूरच्याही एकजणी होत्या. सगळ्यांना हे जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही.

आम्ही गेल्या फेब्रुवारीत, तूर घरात आल्यावर, कळसूबाईला गेलो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बारी गावातून वाट आहे. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर. लोखंडी शिड्या आहेत. नऊपैकी सातजणी माथ्यावर पोचल्या. दोघी मध्येच सावलीला बसल्या आणि आमची वाट पाहत मनसोक्त गप्पा मारत राहिल्या. त्यांचाही दिवस वाया गेला असे आम्ही मानत नाही. घराबाहेर, कोणाला काही वाढायचे नाही, असा तो त्यांचा कित्येक वर्षांतला पहिला दिवस होता.

या शिखराच्या नावाची एक दंतकथा सांगतात. कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली, ती केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर. एक दिवस तिला तीच कामे सांगितली, तेव्हा ती काम सोडून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. राज्यातले सर्वात उंच टोक आपण एका नकार देणाऱ्या मुलीच्या नावाने ओळखतो, आणि घरात मात्र बाईच्या नकाराला जागा नाही.

म्हणून संघटनांपुढे माझे तीन प्रस्ताव आहेत. एक, बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर प्रत्येकीच्या रक्ततपासणीची नोंदही ठेवावी. दोन, ग्रामसभेत रस्त्यावरचे दिवे आणि बायकांसाठी स्वच्छतागृहे यांची मागणी करताना 'चालण्यासाठी' हेही कारण लिहून द्यावे. तीन, आठवड्यातले चार दिवस सकाळचा एक तास घरातले काम दुसऱ्या कोणी करावे, हे घरी बसून ठरवावे. यातला तिसरा प्रस्ताव सर्वात अवघड आहे. त्यात सरकारकडे मागायचे काही नाही, जे मागायचे ते घरातच मागायचे आहे.

चर्चेत तुमच्या गावच्या अडचणी जरूर मांडा. आणि उद्या सकाळी सहा वाजता ज्यांना जमेल त्यांनी चपलांऐवजी बूट घालून या सभागृहाच्या दारात यावे.