नागिणीची तोंडे आणि नत्राचे कडे

नागीण उठली की घरातली वडील माणसे अजूनही फोडांवर गेरूचा लेप लावतात आणि नागिणीची दोन तोंडे मिळत तर नाहीत ना, हे रोज पाहतात. तोंडे मिळाली की माणूस दगावतो, असा समज. आपले कन्नड शेजारी तिला सर्पसुत्तु म्हणतात, भीती तीच.

खरे पाहता, लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की तो एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. ही वाट शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून तोंडे सहसा मिळतच नाहीत. पण ती पाहण्यात जे पहिले तीन दिवस जातात, तेच मोलाचे असतात. कसे ते सांगतो.

आपल्या डीएनएच्या चार विटांपैकी एक ग्वानिन. तिच्यात कर्बाचे पाच आणि नत्राचे चार अणू मिळून दोन जोडकडी होतात. विषाणूलाही आपली नक्कल काढायला हीच वीट लागते. मग त्याच्या हाती खोटी वीट दिली तर? अमेरिकेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी या विचारावर आयुष्य घातले. एलियनबाई पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगाने गेले, आणि त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली. स्त्री म्हणून प्रयोगशाळांनी नोकरी नाकारली, पीएच.डी. अर्धी राहिली. १९४४ साली त्या हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत लागल्या. १९८८ साली दोघांना नोबेल मिळाले.

त्यांच्याच कंपनीत १९७०च्या दशकात असायक्लोविर तयार झाले. त्यात ग्वानिनचे नत्राचे कडे तसेच आहे, पण त्याला जोडलेल्या साखरेचे कडे उघडे आहे. पुढची वीट अडकवायला त्यात जागाच नाही. गंमत पुढेच आहे. हे औषध आपल्या निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय राहते. त्याला जागे करणारे पहिले विकर, म्हणजे एन्झाइम, विषाणू स्वतःच तयार करतो. खोटी वीट बसते आणि नकलेचे बांधकाम तिथेच थांबते. चोराने आपल्याच हाताने कडी लावून घ्यावी, तसे.

यातच औषधाची मर्यादाही आहे. विषाणू नक्कल काढत असतो तोवरच ते उपयोगी. झोपलेल्या विषाणूला ते काही करत नाही, आणि दुखावलेला मज्जातंतू ते पूर्ववत करत नाही. म्हणून पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू करणे उत्तम. उशीर झाला तरी डॉक्टरांना दाखवावेच; नवे फोड येत असतील तर तेव्हाही उपयोग होतो.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर माझा संसार झाला. तरीही नागिणीचा रोगी आला की मी त्याला त्याच दिवशी हे औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे. तिथे डोळाच पणाला लागलेला असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे, मात्रा बदलावी लागते.

आपण साठी-सत्तरीची माणसे. घरी कुणाच्या अंगावर एका बाजूला आग होऊन फोडांची रांग उठली, तर तोंडे मोजू नका, तास मोजा.